लाल ठिपका

सकाळचे ऊन त्या दुकानात सरळ येत नसे. ते आधी समोरच्या इमारतीच्या वरच्या काचांवर पडे, तिथे थोडा वेळ रेंगाळे, मग तिथून परतून रस्ता ओलांडी आणि खिडकीच्या गजांमधून हळूच आत उतरे. प्रथम भिंतीवरची वायरींची भेंडोळी उजळत. मग मीटरची पिवळी कड. मग पत्र्याच्या डबीतले स्क्रू, एकामागून एक, जणू कुणी त्यांना नावाने उठवत असावे. सव्वानऊला ते टेबलाच्या मधोमध येई आणि दहाला निघून जाई. तेवढ्या पाऊण तासात मेकॅनिक आपली बारीक कामे उरकून घेई. गेल्या वर्षी त्याने टेबल ओढून खिडकीशी आणले होते. वारा लागतो, असे त्याने बायकोला सांगितले होते. ती खिडकी कधी उघडलीच जात नसे.

आज त्या उजेडात मुद्रितशोधकांचा लॅपटॉप होता. म्हातारे मुद्रितशोधक पलीकडच्या स्टुलावर, मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. चार्जर लावूनही बॅटरी भरत नव्हती. काल दुपारी ती पार संपली, आणि त्यांनी तपासलेली तीनशे पाने आत अडकली. छापखाना बारा वाजेपर्यंत थांबणार होता.

मेकॅनिकने आपला क्रम मोडला नाही. आधी भिंतीतली वीज पाहिली. चार्जर मीटरला लावला. आकडा बायकोने वाचून दाखवला. एकोणीस व्होल्ट, म्हणजे ठीक. दुसरा चार्जर लावला, बॅटरी काढून पुन्हा बसवली. मग पिन सॉकेटमध्ये घालून किंचित वर दाबून धरली.

“लागला दिवा,” बायको म्हणाली. त्याने बोट काढले. “गेला.”

म्हणजे बॅटरीचा काही दोष नव्हता. सॉकेटला धरून ठेवणारा कथलाचा डागच सुटला होता. त्याने खालचे झाकण काढले आणि त्या जागेवरून बोट फिरवले. कथलाचे ओबडधोबड गोळे बोटाला लागले.

“आधी कुणीतरी हात घातलाय इथे,” तो म्हणाला. “डाग कसला, शेण थापलंय. काका, कुणाकडे नेला होतात?”

मुद्रितशोधकांनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. नेला होता एकाकडे, महिना झाला, असे ते पुटपुटले. माणूस चांगला आहे, असेही म्हणाले.

“असेल चांगला. त्याला म्हणावं, हे सोड आणि कुलपं वीक.”

एवढे बोलून त्याने चष्मा पुसला, सकाळपासून तिसऱ्यांदा. नजर जिथे रोखावी नेमके तिथेच धुके साचे, समोरच्या गिऱ्हाइकाचा चेहराही त्यात हरवे, आणि कडेचे सारे स्वच्छ दिसे. काच खराब निघाली, असे तो सहा महिने म्हणत होता. त्या सहा महिन्यांत काच दोनदा बदलली होती.

मग त्याने बायकोला फोटो काढायला सांगितला. काकांना तो त्या शहाण्याच्या तोंडावर मारता येईल.

“राहू द्या ना,” ती म्हणाली. “नवा डाग द्या आणि मोकळे व्हा.”

“काढ म्हणतो ना.”

तिने काढला. बोटांनी ताणून ताणून पडदाभर मोठा केला आणि फोन त्याच्या हातात ठेवला. त्याने मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेने पाहिले. सॉकेटच्या पाच पायांपैकी दोहोंवरचे कथील पाय सोडून शेजारी सांडले होते. आणि त्याच्या शेजारी, ठसठशीत, लाल नेलपेंटचा ठिपका होता.

दुरुस्ती झाली की त्या भागाशेजारी तो असा ठिपका देई. ती त्याची सही होती. बाटली बायकोची होती; “माझ्या नखांना एकदा लागलं, बाकी सगळं शहरातल्या लॅपटॉपांना,” असे ती गिऱ्हाइकांना हसत सांगे. आज ती हसली नाही.

“चुका दाखवणं माझं कामच आहे,” मुद्रितशोधक खाली बघत म्हणाले. “पण लेखक समोर बसलेला असला की जीभ रेटत नाही.”

मेकॅनिकने सोल्डरिंग आयर्न उचलले. हात स्थिर होता. हात नेहमीच स्थिर असे. तापलेले टोक त्या जागेवर आले आणि थांबले, कारण धुक्यात ती जागाच उरली नव्हती. ऊन टेबलाच्या कडेकडे सरकू लागले होते. त्याने आयर्नची मूठ बायकोपुढे केली.

वीस वर्षे तिने आयर्नचे टोक पुसायचा स्पंज ओला करून दिला होता. आयर्नला त्याने तिला कधी हात लावू दिला नव्हता. ती त्याच्या खुर्चीवर बसली. तो मागे उभा राहून सांगत गेला: आधी पाय तापव, कथील मागून. घाई नको. आता उचल. तिने दोन्ही पायांना डाग दिले, फुंकर घातली आणि चार्जर लावला. कडेचा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मुद्रितशोधकांनी स्टुलावरूनच मान डोलावली आणि छापखान्याला फोन लावला.

झाकण बसवण्याआधी मेकॅनिकचा हात सवयीने खणाकडे गेला. त्याने बाटली उघडली, ब्रश बाहेर काढला. टोकाशी लाल थेंब जमला. तो पडण्याआधी त्याने ब्रश बायकोकडे दिला.

“तूच लाव,” तो म्हणाला. “मला दिसत नाही.”