जिन्याने उतरताना

लिफ्टच्या कंपनीने आपल्या माणसांच्या मनावरचं ओझं मोजायला एक मॅडम नेमल्या होत्या. आठव्या मजल्यावर काम आटोपून हात पुसत बसलेल्या म्हाताऱ्या मेकॅनिकला त्यांनी गाठलं.

"काका, वावगं दिसत असून गप्प बसावं लागलं, याचा किती त्रास होतो? शून्य ते दहामध्ये सांगा."

"शून्य," काका म्हणाले. "म्हातारा अगदी मजेत आहे म्हणून कळवा."

मॅडम हसल्या आणि लिफ्टचं बटण दाबायला गेल्या. काका मात्र हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून जिन्याकडे वळले.

"अहो, गुडघे एवढे कुरकुरताहेत आणि जिना कशाला? आत्ताच दुरुस्त केलीत ना?"

"दुरुस्त झाली असं म्हणायला सांगितलंय." काका दोन पायऱ्या उतरून थांबले. "दोर पार झिजलाय. नवा द्या, नवा द्या म्हणून तोंड दुखलं माझं. तू जिन्यानेच चल, पोरी."

मॅडमनी बटणावरचा हात मागे घेतला. त्या मागोमाग उतरू लागल्या. पाचव्या मजल्यावर तान्ह्या लेकराला कडेवर घेऊन एक आई लिफ्टपाशी उभी होती.

"झाली का हो चालू एकदाची?"

काकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमची नोकरी अजून कायम व्हायची होती.

"झाली," त्या म्हणाल्या.

दोघं चौथ्या मजल्यावर पोचले तोच वर लिफ्टचं दार मिटल्याचा आवाज आला. काका मागे न बघता उतरत राहिले.

"तुझंही शून्यच लिही, पोरी."