लाजरी

आत्याचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला त्या वर्षी लव्हाळ्याची कापणी त्याच्या मुलाच्या हातात आली. चटयांचा धंदा पिढ्यांचा. मुलाने विळे खुंटीला टांगले आणि यंत्र आणलं.

विळ्याची कापणी रस्त्याकडून पाण्याकडे सरकत जाई. आत जे लपलेलं असे, ते पाण्याच्या बाजूने निघून जाई. यंत्र मात्र कडेकडेने गोल फिरलं. दुपारी मधोमध खोलीएवढा तुकडा उरला, तेव्हा त्यात आत्या जाऊन उभी राहिली.

ड्रायव्हरने यंत्र थांबवलं. भाचा चिखल तुडवत आला.

"आत्या, बाहेर ये. लोक बघताहेत."

"बघू देत. आत लाजरी अंड्यांवर आहे. पिल्लं निघेपर्यंत एवढा तुकडा राहू दे."

लाजरी म्हणजे लव्हाळ्यातली बगळी. वाळल्या पात्यांच्याच रंगाची. चाहूल लागली की पळत नाही; चोच आभाळाकडे करून पात्यासारखी ताठ उभी राहते.

"कुठंय?"

"तुझ्या समोर. हात लांब केलास तर लागेल."

"चष्मा तुला लागलाय आणि आंधळा मी?"

ड्रायव्हर हसला. हसता हसताच गप्प झाला. पात्यांमधून एक पिवळा डोळा त्याच्याकडे बघत होता.

"आहे, मालक," तो हळूच म्हणाला.

"मग उडत का नाही? पंख आहेत ना?" भाच्याने ढेकूळ उचलून भिरकावलं. वाऱ्याने पाती डुलली, तशी तीही डुलली. जागा सोडली नाही.

"बघितलंस? तिलाच जायचं नाहीये. मेली तर माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

"चारी बाजूंनी वाट तू बंद केलीस," आत्या म्हणाली, "आणि वर दोष तिलाच देतोस? लाज वाटत नाही?"

भाच्याने दोन गड्यांना खूण केली. त्यांनी आत्याला दंडाला धरून बाहेर आणलं. ड्रायव्हर खाली उतरला. "मला नाही जमायचं," म्हणाला आणि पाठ फिरवून विडी शोधू लागला. मग भाचा स्वतःच यंत्रावर चढला.

लाजरी त्याच दुपारी मेली, घरट्यावर.

भावाला बघायला आत्या येत राहिली. कुणी चटई अंथरली की ती हाताने दूर सारायची आणि उघड्या फरशीवर बसायची. पुढच्या हिवाळ्यात आत्याही गेली.