माहिती देणारा: नवरा

थायरॉइडच्या तपासणीसाठी आलेल्या बाईला सिस्टर एकेक प्रश्न विचारत होत्या, पण उत्तरं नवराच देत होता. शेवटी सिस्टरांनी फॉर्मवर 'माहिती देणारा: नवरा' असं लिहून टाकलं.

"थकवा कसला, आळस नुसता! भर उन्हाळ्यात पांघरूण घेऊन लोळते. बसून बसून फुगलीय."

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईचा सुजलेला गळा चाचपून त्या नवऱ्याकडे वळल्या. "यांचा आवाज इतका घोगरा कधीपासून झालाय? सांगा ना, सगळं ठाऊक आहे ना तुम्हाला!"

पहिल्यांदाच त्याने बायकोकडे पाहिलं.

"दोन वर्षं झाली," बाई कशीबशी म्हणाली.

तो तिच्यावरच उखडला. "मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगत होते की. रोज. याच आवाजात."