पुरुषाचा प्रत्यय

प्राचार्यांनी चौकटीतला वाळवलेला नमुना उंच धरला आणि नव्या वनस्पतीचं लॅटिन नाव वाचलं. शेवटी ‘पाळंदेआय’ ऐकताच मृण्मयी पाळंदे ताडकन उठली. कोकणातल्या कातळसड्यावर चार पावसाळे पालथे घालून तिनेच ती शोधली होती.

“सर, लॅटिनमध्ये ‘आय’ हा पुरुषाचा प्रत्यय. बाईच्या नावाला ‘एई’ लागतो.”

“बरोबर. नाव विभागप्रमुखांवरून ठेवलंय,” प्राचार्य हसले. “आडनाव तुमचंच आहे की!”

विभागप्रमुख म्हणजे तिचा नवरा. शोधनिबंध प्राचार्यांनी लिहिला होता, पण तिच्या टिपणवह्या त्यांना गुपचूप यानेच नेऊन दिल्या होत्या, हे तिला आत्ता उमगलं.

“घरी बोलू. इथे तमाशा नको,” तो व्यासपीठावरून दबक्या आवाजात म्हणाला.

“एकच सांग. तुझ्या नावाचं हे फूल सड्यावर कोणत्या रंगाचं दिसतं?”

त्याने हळूच चौकटीकडे पाहिलं.

“तपकिरी.”

“पांढरंशुभ्र,” मृण्मयी म्हणाली. “तपकिरी ते मेल्यावर होतं.”

पहिल्या रांगेतला एक म्हातारा संशोधक खो खो हसला, आणि ते हसू बघता बघता मागच्या रांगांपर्यंत पोचलं.