त्यालाच विचार

"काकू, सुजय आहे? त्याच्या प्रोग्रामला भोक पडलंय. चोरटे त्यातून लोकांच्या कॉम्प्युटरात शिरतायत," दारातली अनोळखी पोरगी म्हणाली.

"मग बुजव की! देवानं हात कशाला दिलेत?"

"आम्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांत दुसऱ्याच्या कामाला न विचारता हात लावत नाहीत. तो परत येतोय म्हटल्यावर तर नाहीच."

माझा लेक गेल्या साली गड चढताना पडून गेला. "कोण म्हणालं परत येतोय?"

तिनं फोनवरून वाचून दाखवलं. निघताना त्यानं मेलवर लावून ठेवलेलं उत्तर, मेल येईल त्याला, अजून आपोआप जात होतं: 'गडावर चाललोय. आल्यावर बघतो.' सगळे त्याच्यासाठी थांबले होते. मला वाटायचं, मी एकटीच.

मी हार घातलेल्या फोटोकडं बोट केलं. पोरगी तिथंच रडायला लागली.

"रडू नको. मी आई आहे त्याची, मी सांगते, लाव हात. पण प्रोग्रामवरचं त्याचं नाव खोडलंस तर गाठ माझ्याशी आहे."

भोक बुजवून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "ते उत्तर बंद करायला सांगू का?"

"ते त्यालाच विचार."

तिनं खरंच त्याला मेल लिहून विचारलं. फोन लगेच वाजला.