पूजेचा लॅपटॉप

चार्जर बदलून झाला, बॅटरी काढून पुन्हा बसवून झाली, चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. लॅपटॉप आपला ढिम्म. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची आज शेवटची तारीख, आणि आठवीच्या मुली दाराशी ताटकळलेल्या. धुमाळबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी लॅपटॉप देणाऱ्या माजी विद्यार्थ्याला फोन लावला.

"हणम्या, घरातलं भंगार टाकायला शाळाच सापडली का रे तुला? फेटा बांधून घेताना लाज नाही वाटली?"

"बाई, परवा सकाळपर्यंत चालत होता. जुना आहे, पण..."

"मला शिकवू नकोस!"

फोन आपटून त्यांनी स्क्रू काढले आणि मागचं झाकण उचकटलं. आत लाल, चिकट चिखल होता. कुंकू आणि नारळाचं पाणी.

परवा लॅपटॉप स्वीकारायच्या समारंभात त्याची पूजा बाईंनीच केली होती. नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडलं तेव्हा हणमंत रुमाल काढून पुसायला धावला होता. सगळ्या गावादेखत त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली होती. "पूजेचं पुसतोस, गाढवा?"

फोन वाजला. "बाई, रागावू नका. माझा कामाचा लॅपटॉप घेऊन निघालोय. तासाभरात पोचतो."

राग अजून उतरला नव्हता. फक्त तो काढायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"ये," बाई खेकसल्या. "आणि रुमाल विसरू नकोस."