गप्प झालेला ग्रुप

दुर्गाबाई गेल्या त्या सकाळी विजयश्रीनं आईच्याच फोनवरून 'काकूंचा डबा' या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. बघता बघता फोन हात जोडलेल्या चित्रांनी भरून गेला. वाकड, रावेत, चाकण, कुठून कुठून माणसं लिहीत होती. दुपारनंतर फोन जो थांबला तो थांबलाच.

दुसऱ्या दिवशी विजयश्रीनं ग्रुपवर विचारलं, आज डबे कोण देणार? सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ बसून असलेल्या नातेवाइकांना हा ग्रुप रोज घरचं जेवण पोचवायचा. एरवी सकाळी दुर्गाबाईंचा आवाज ग्रुपवर आला की लिलाव लागल्यागत उत्तरं यायची. मी दोन. मी चार. कंपनीतल्या आमच्या लाइनवरचे मिळून दहा. नियम बाईंनी दोनच घातले होते. देणाऱ्याचा फोटो टाकायचा नाही, आणि मला मॅडम म्हणायचं नाही, काकू म्हणायचं. आज त्याच ग्रुपवर नुसत्या निळ्या खुणा दिसत होत्या. वाचलं सगळ्यांनी. उत्तर एकाचंही नाही.

हिंदुराव कासारवाडीच्या त्या दोन खोल्यांत फोन घेऊन येरझाऱ्या घालत होते. बायको गेली हे दुःख होतंच. पण तिनं उभं केलेलं तिच्यामागं एक दिवसही टिकू नये, हे त्यांना सोसवेना. चार दिवस त्यांनी वाट पाहिली. पाचव्या दिवशी लेकीला म्हणाले, "तुझ्या आईचं काहीतरी टाक की फेसबुकवर, इन्स्टावर. उठू देत सगळी."

विजयश्रीनं भराभर जुने तुकडे जोडले. आई भाकरी थापतेय, आई कुणाला तरी रागावतेय, आई हसतेय. व्हिडिओ सुटला तो सुसाट. आकडा डोळ्यांदेखत पळत होता. "बघ, हजाराच्या वर गेला. बघ, अजून चढतोय." बापलेक जेवण विसरून बघत बसली. अनोळखी माणसांचे लाल बदाम, फुलं, हात जोडलेले. ग्रुपवर मात्र चिटपाखरू नव्हतं.

"आता दवाखान्यात काय बदाम वाटायचे व्हय?" हिंदुरावांनी फोन ठेवला आणि टोपी घातली. "मी जाऊन येतो. सांगतो त्या लोकांना, बाई गेली, डबा बंद झाला."

"अण्णा, सुतकात कुठं निघालात?"

"तिथं माणसं उपाशी बसली असतील, आन् तू मला सुतक सांगतीस."

दवाखान्याच्या आवारात शिरले आणि थबकले. लिंबाखाली माणसं ओळीनं बसून जेवत होती. चाकणचा रोहिदास भात वाढत होता. दहा डबेवाला रोहिदास तो हाच. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही.

"हे कुणाचं रे जेवण?"

"आपलंच, काका. तेरा दिवस खानावळीत सांगितलंय." रोहिदासनं पातेलं खाली ठेवलं. "घरात सुतक हाय. सुतकाच्या चुलीवरचं दुसऱ्याला कसं घालायचं?"

हिंदुराव वरमले. या पोराच्याही घरावर घाला पडला आणि आपण आपलंच घेऊन बसलो. "तुझ्या घरातलं कोण गेलं?"



"काका, असं काय करायलात? काकू गेली की आपली."

हिंदुरावांनी लिंबाला हात टेकला.

"माझ्याच घरी न्हाई, सगळ्या ग्रुपात सुतक हाय," रोहिदास सांगत होता. "वाकडच्या स्वरूपाताईंनी देवापुढं दिवा लावला न्हाई. सासू म्हणाली, ती तुझी कोण लागते? तर म्हणाल्या, चुलती. आमच्या लाइनवरचे सगळे दहाव्याला घाटावर येणार हायत, डोकी भादरायला."

"मग ग्रुपवर एक शब्द का न्हाई बोललात?"

"दुःखाच्या घरात फोन वाजवत बसायचा व्हय? म्हणून तुम्हाला सोडून दुसरा ग्रुप काढला. काकू असती तर शिव्याच घातल्या असत्या."

एवढ्या दिवसांत हिंदुराव पहिल्यांदा हसले. मोठ्यानं हसले, तसे जेवणारे मान वर करून बघायला लागले. मग त्यांनी घाईघाईनं लेकीला फोन लावला.

"विजे, आपल्या भावकीची घरं किती गं?"

"अकरा. का हो, अण्णा?"

"आचाऱ्याला तेराव्याचा तेवढ्यांचाच स्वयंपाक सांगितलाय. बाकीच्या भावकीचा सांगायचा राहिलाय."